खांब दोन, कुंपण दोन

सामना सुरू व्हायच्या आधी पंच दोन्ही कप्तानांना घेऊन मैदानाला फेरी मारायचे, आणि ती फेरी मला सामन्याइतकीच आवडायची. बेसबॉल जिथे मोठा आहे तिथे त्याला बांधलेली मैदानं असतात, भिंती असतात, खेळ कुठे संपतो हे सिमेंटने ठरलेलं असतं. आयर्लंडातल्या हौशी संघांकडे असलं काही नव्हतं. ज्याला जे गवत मिळेल ते त्याचं मैदान. त्यामुळे प्रत्येक मैदानाचे नियम वेगळे असत आणि ते चालत चालत, बोट दाखवून ठरवावे लागत. ड्रोहेडाचं आमचं मैदान म्हणजे एका रग्बी क्लबची मागची बाजू. उजव्या अंगाला रग्बीचे उंच खांब थेट खेळाच्या जागेत आलेले, डावीकडे काटेरी झुडपांचं कुंपण आणि पलीकडे कोणाच्या तरी गाई. पंच होते मिस्टर फॅरेल, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर. ते छडीसारखं बोट उगारून म्हणायचे, "खांब, दोन. कुंपण, दोन. गाय आत आली तर खेळ बंद."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार थांबे असतात, त्यांना बेस म्हणतात. फटका मारून, तिन्ही थांबे गाठून चौथ्यावर, म्हणजे जिथून निघालो तिथे, परत आलं की एक धाव. चेंडू खांबाला लागला तर फटका मारणाऱ्याने आणि आधीपासून बेसवर असलेल्यांनी प्रत्येकी दोन बेस पुढे जायचं. वाद नाही. मला शाळकरी वयात याचं फार समाधान वाटायचं. नशिबाने कोणाला काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी मान डोलवायची, हा प्रकार मला दुसरीकडे कुठे भेटला नव्हता. पुढे मी विमा कंपनीत आयुष्यभराची नोकरी केली, त्याचं मूळ तिथे असेल असं माझा नवरा म्हणतो. मी तसं ठामपणे म्हणणार नाही.

मला या नादाला लावलं आमच्या शेजारच्या डेक्लनने. तो सुतारकाम करायचा. तरुणपणी कामासाठी अमेरिकेत राहून परत आला होता आणि येताना तिथून बायको नाही, पैसे नाहीत, फक्त बेसबॉल घेऊन आला, असं त्याची आईच सगळ्यांना सांगायची. बॉइन नदीवर उभे असतात त्या बगळ्यांवरून त्याने आपल्या संघाचं नाव 'हेरन्स' ठेवलं होतं. बाहेरगावी सामना असला की त्याच्या व्हॅनमध्ये फळ्यांच्या आणि करवतींच्या शेजारी एक जागा असायची, ती माझी. अशी मी सगळी मैदानं पाहिली. टॅलाचं मैदान डोंगराच्या पायथ्याशी होतं. तिथे वारा असा, की उंच मारलेला चेंडू थोडा वेळ विचार करून मागे यायचा. ब्युमॉन्टजवळ एका शाळेचं मैदान होतं, तिथे डोक्यावरून विमानं उतरायची आणि विमान दिसलं की चेंडू टाकणारा हात वर करून थांबायचा, कारण त्या आवाजात पंचांचं काही ऐकू येत नसे. समुद्राकाठच्या एका मैदानावर तिसरा बेस भरतीच्या दिवसांत ओला असायचा. खऱ्या अर्थाने बेसबॉलचं म्हणावं असं एकच मैदान होतं, लाल माती आणि मागे जाळी असलेलं. तिथे गेलं की हेरन्सचे लोक उगाच हळू आवाजात बोलायचे.

घरी माझ्या या शनिवारांना कोणाची हरकत नव्हती. आई ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. तिचे शनिवार बहुतेक करून ड्यूटीत जायचे. स्वयंपाक बाबांकडे होता. नागपूरची सरकारी नोकरी सोडून ते आईच्या मागे इथे आले होते आणि एका किराणा गोदामाचे हिशेब अर्धवेळ बघायचे. सामन्याचा डबा हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं, आणि प्रेसमधल्या वरच्या फळीवरचा, म्हणजे कपाटातला, चिवडा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आमच्या घरात मराठी बोलतानाही तोच शब्द बसून गेला तो गेलाच. डेक्लनला चिवड्याचं नाव कधी नीट घेता आलं नाही. तो म्हणायचा, "ते तुझ्या बाबांचं तिखट कॉर्नफ्लेक्स आणलंस ना?"

त्या उन्हाळ्यात आबा आले. आबा म्हणजे आईचे वडील, नागपूरला बँकेतून निवृत्त झालेले. आजी आदल्या वर्षी गेली होती. आईचा मनातला बेत असा होता, की सहा महिने राहायला म्हणून आलेल्या आबांना इथे करमावं आणि त्यांनी पुढे दर वर्षी अर्धा काळ तरी आमच्याकडे काढावा. नागपूरच्या घरात ते एकटे भिंतींशी बोलतात असं तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तिने बेत कोणाला सांगितला नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होता. आबांनाही असणार.

आबांना करमेना. सकाळी ते पांढरे बूट घालून नदीपर्यंत जाऊन यायचे आणि मग खिडकीशी बसायचे. "इथले लोक चांगले आहेत बाप्पा," ते म्हणायचे, "पण बोलतात काय, हवा. सकाळी हवा, दुपारी हवा. हवेनं पोट भरते का माणसाचं?" रात्री दहालाही उजेड असायचा, त्याचा त्यांना राग होता. मधूनमधून उठून ते गोळाभात करायचे, बाबांना ओट्यापासून बाजूला सारून. तेवढ्यापुरतं घर फोडणीच्या वासाने आणि त्यांच्या सूचनांनी भरून जायचं, मग पुन्हा खिडकी. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्यांनी बाबांना विचारलं, "जावईबापू, तिकीट अलीकडचं करता येते काय हो?" बाबा म्हणाले, विचारतो. आई तेव्हा भांडी पुसत होती. तिने तेच ताट पुन्हा पुन्हा पुसलं.

म्हणून मी आबांना सामन्याला नेलं. हिरव्या कापडाची एक घडीची खुर्ची आमच्याकडे होती. ती डेक्लनने डाव्या रेषेबाहेर, तिसऱ्या बेसच्या थोडं पुढे, कुंपणाच्या अलीकडे मांडून दिली. आबा तरुणपणी क्लबातलं क्रिकेट खेळलेले. त्यांनी पहिला अर्धा तास हा खेळ नामंजूर करण्यात घालवला.

"बॅट फेकून काहून पळून राहिला तो?"

"तसंच असतं, आबा."

"अन् चेंडू अडवायले हातमोजा? सगळ्याइले? हे काय हात आहेत का पुरणपोळ्या?"

पण ते पुढच्या शनिवारी आले, त्याच्या पुढच्याही आले. टॅलाला वाऱ्याने चेंडू मागे आणला तेव्हा उभे राहून हसले. ब्युमॉन्टला विमान गेल्यावर पंचांच्या आधी त्यांनीच "प्ले" असं पुकारलं. डेक्लनला ते 'मिस्टर डेक्लन' म्हणायचे आणि डेक्लन त्यांना 'ग्रँडा', म्हणजे इथल्या बोलीत आजोबा. व्हॅनमध्ये आता मी मागे फळ्यांवर बसायचे. तिकिटाचं नाव निघालं नाही. आई एकदा ड्यूटीवरून येऊन बुटांसकट जिन्यात बसली आणि मला म्हणाली, "आज काय म्हणाले ग ते? सगळं सांग." मी तिला सगळा सामना सांगितला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने एकदाही थांबवलं नाही.

आता तो सामना. डब्लिनचा एक संघ होता, त्याला हेरन्सनी कधीच हरवलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या मैदानावर, शेवटच्या डावात, हेरन्स फक्त एका धावेने मागे होते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमचे दोघे उभे. डेक्लन फटका मारायला आला. ते दोघे घरी, म्हणजे चौथ्या बेसवर, आले की जिंकलो. डेक्लनने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरून रेषेच्या आत टप्पा पडून बाहेर घरंगळला, पूर्ण नियमात, आणि कुंपणाकडे निघाला. त्यांचा खेळाडू खूप लांब होता. आमचे दोघे सुटले. मी ओरडत होते. चेंडू आबांच्या खुर्चीच्या दिशेने आला. आबा उठले, एक पाऊल टाकून वाकले, डाव्या हाताने चेंडू अडवला आणि उजव्या हाताने सरळ डब्लिनच्या चेंडू पकडणाऱ्याकडे, चौथ्या बेसवरच्या कॅचरकडे, फेकला. काय फेकला! जमिनीला न लागता, छातीच्या उंचीवर, मोज्यात. आणि आबा आपल्या खुर्चीत परत बसले, पोस्टात पत्र टाकून आल्यासारखे.

हे समजायला नागपूरचं मैदान माहीत हवं. तिथे सुट्टीच्या दिवशी एका मैदानावर कितीतरी सामने एकमेकांत घुसून चालतात. एकाचा सीमारक्षक दुसऱ्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो. दुसऱ्याचा चेंडू आपल्याकडे आला की तो अडवायचा आणि ताबडतोब, नेमका, यष्टीकडे परत फेकायचा. विचार करायचा नाही. जो फेकत नाही किंवा वाकडा फेकतो त्याची सगळं मैदान मिळून लाज काढतं. आबा अशा मैदानावर मोठे झाले होते. त्यांच्या हाताने सभ्यपणा केला होता.

मिस्टर फॅरेल दोन्ही हात वर करून खेळ थांबवत होते. प्रेक्षकाने चेंडूला हात लावला की खेळ तिथेच मरतो आणि हात लावला नसता तर काय झालं असतं ते पंचाने ठरवायचं असतं. मैदानात कल्लोळ झाला. डब्लिनचे म्हणाले, म्हातारा तुमचाच, मग तुमचं तुम्ही भोगा. हेरन्स म्हणाले, दोघेही डोळे मिटून घरी आले असते. मिस्टर फॅरेल कुंपणापर्यंतचं अंतर नजरेने मोजून म्हणाले, "प्रत्येकी दोन बेस." म्हणजे एकजण घरी, बरोबरी झाली. दुसरा तिसऱ्या बेसवर अडकला. पुढचा फटका वाया गेला, सामना लांबला आणि हेरन्स हरले. माझं आजचं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. पहिल्या बेसवरचा गडी आमचा सर्वांत जाडा होता.

आबांना हे काही कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं भांडण बेस किती द्यायचे यावरून आहे आणि चेंडूचं काम तर त्यांनी करून दिलंय. व्हॅनमध्ये कोणी बोलेना तेव्हा त्यांनी मला मराठीत विचारलं, "काय झालं पोरी? चेंडू तर मी बरोबर देल्ला." मी सांगितलं. जसं घडलं तसं, काही न लपवता, कारण मला दुसरं सांगता येत नसे. आबा डेक्लनकडे वळले. मग इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर डेक्लन, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी." डेक्लन म्हणाला, "अहो ग्रँड आहे, ग्रँडा. सगळं ग्रँड." इथे सगळं बिघडलेलं असतानाही ग्रँडच म्हणतात, आबांना ते अजून ठाऊक नव्हतं, पण डेक्लनचा आवाज ऐकून त्यांना काय ते कळलं.

घरी येऊन त्यांनी बूट काढले, ते दाराशी न ठेवता वर खोलीत नेले. जेवताना बाबांना म्हणाले, "तिकीट पाहाच तुम्ही." आई म्हणाली, "आबा, खेळ आहे तो. कोणी मनात ठेवत नाही." आबा म्हणाले, "पोरांनी इतक्या वर्षांत एक वेळा जिंकलं असतं, ते मी हातानं घालवलं. दुसऱ्याच्या गावात येऊन. मी काय तोंडानं बसू तिथं?" आईने त्यांच्या ताटात भात वाढला, जास्त झाला, त्यांनी तो सगळा संपवला. पुढच्या शनिवारी सामना बाहेरगावी होता. मी एकटीच गेले, पुढच्या जागेवर बसून. ती जागा मला रुंद वाटली.

एक विषयांतर करते. खूप वर्षांनी कंपनीच्या कामासाठी मी अमेरिकेला गेले तेव्हा मुद्दाम एका प्रचंड मैदानावर सामना पाहिला. दिवे, बाजा, कागदी डब्यातले तेलकट बटाटे, माझ्यासारखे हजारो प्रेक्षक. माझ्या पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थाने बाहेर आलेला चेंडू झेलला आणि खिशात घातला. घरी न्यायला! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे तसा रिवाजच आहे, हे मला वाचून माहीत होतं. तरीसुद्धा मी इकडेतिकडे पाहिलं, की कोणीतरी त्याला परत द्यायला सांगेल.

तर, घरच्या सामन्याच्या दोन दिवस आधी डेक्लन दाराशी आला. टोपी काढून म्हणाला, "ग्रँडा, मिस्टर फॅरेल म्हणतात शनिवारी तुम्ही आलंच पाहिजे. सुरुवातीच्या फेरीला. तुमच्याबाबत ठरवायचंय." तो एवढंच म्हणून गेला, कारण त्याची व्हॅन रस्त्यात उभी होती. आबांनी बँकेत जन्म काढलेला. पंचांनी बोलावलंय, आपल्याबाबत ठरवायचंय, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. चौकशी.

"जातो मी," ते आईला म्हणाले. "बोलावलं तर जाणं भाग आहे. आपली बाजू मांडीन, माफी मागीन, अन् मग मोकळा."

दोन दिवस न्हाणीघरातून नळाच्या आवाजातूनही त्यांचं इंग्रजी ऐकू येत होतं. "रिस्पेक्टेड सर, इट वॉज नॉट माय इंटेन्शन." शनिवारी ते कोट आणि टाय घालून खाली आले. आईने ड्यूटी बदलून घेतली होती. तिची सामन्याला यायची ही पहिलीच वेळ. बाबांनी सांबारवडी केली होती, त्यासाठी कोथिंबिरीच्या कुंड्या त्यांनी दुकानातून सगळ्याच्या सगळ्या उचलल्या होत्या. आम्ही चौघे जणू कोर्टात निघालो होतो.

सामना टॅलाच्या संघाशी होता. त्यांचा कप्तान लाल दाढीचा, धिप्पाड. मिस्टर फॅरेल दोन्ही कप्तानांना घेऊन निघाले आणि आबांना म्हणाले, "या सर." आबा कोटाची बटणं लावून त्यांच्या मागे गेले. मी आणि आई थोड्या अंतराने.

"खांब, दोन," मिस्टर फॅरेल म्हणाले. कप्तानांनी माना डोलावल्या. "कुंपण, दोन. गाय आत आली तर खेळ बंद." मग ते हिरव्या खुर्चीपाशी थांबले. खुर्ची डेक्लनने आधीच मांडून ठेवली होती, होती तिथेच. मिस्टर फॅरेलनी बोट उगारलं. "आणि ग्रँडा. चेंडू ग्रँडाला लागला किंवा ग्रँडाने उचलला, तर दोन. खुर्ची हलवायची नाही. कबूल?"

डेक्लन म्हणाला, कबूल. लाल दाढीवाला म्हणाला, कबूल. आबांनी बोटाकडे आणि खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांना उमगलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. पाठ केलेलं सगळं त्यावरून उतरलं आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"सर," त्यांनी हात वर केला, "आय हॅव वन ऑब्जेक्शन."

"बोला."

"दोन फार होतात," आबा इंग्रजीत म्हणाले. "कुंपण चेंडू परत फेकत नाही. खांब फेकत नाही. मी फेकतो. माझ्या फेकीवर कोणीही एकापेक्षा जास्त बेस पळू शकणार नाही."

लाल दाढीवाल्याने डेक्लनकडे पाहिलं. "मागच्या वेळी ज्याने तो थ्रो केला, तो माणूस हाच काय?"

"हाच."

"मग एकच," तो म्हणाला. "त्याबद्दल सगळीकडे ऐकलंय आम्ही."

मिस्टर फॅरेलनी भूगोलाच्या मास्तरासारखा विचार केला आणि जाहीर केलं, "खांब दोन, कुंपण दोन, ग्रँडा एक." आबांनी टाय सैल केला आणि खुर्चीत बसले. आई त्यांच्या शेजारी गवतावरच बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "अशी भिजल्या गवतात काहून बसते तू, डॉक्टरीण आहे ना?" आबा तिच्यावर ओरडले. त्या दिवशी चेंडू खुर्चीकडे एकदाही आला नाही. हेरन्स हरले, पण ते नेहमीचंच.

संध्याकाळी बाबांनी भीत भीत विषय काढला. "आबा, एजंट म्हणतो तिकीट मिळतंय पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात?" आबा म्हणाले. "अन् शनिवारी खुर्चीवर कोण बसन, तुम्ही? नियम झाला आहे आता. राहू द्या ते."

आबा त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नागपूरला परत गेले आणि पुढे बरेच उन्हाळे येत राहिले, गुडघे चालत होते तोवर. नेमके किती, याबद्दल आई आणि मी अजून वाद घालतो. नंतर ते यायचे थांबले, आणि मग तेही गेले. डेक्लनने खेळणं सोडलं, मी डब्लिनला नोकरीला लागले, लग्न झालं, बेसबॉल मागे पडला.

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीला, ईराला, घेऊन ड्रोहेडाला गेले होते. तिला मी सगळं मराठीत सांगते आणि ती मला सगळं इथल्या इंग्रजीत परत करते. रग्बी क्लबच्या मागे माणसं दिसली म्हणून गाडी थांबवली. हेरन्स अजून आहेत. ओळखीचं कोणी नव्हतं. पंच म्हणून एक तरुण मुलगी होती, दोन कप्तानांना घेऊन फेरी मारत होती. "खांब, दोन. कुंपण, दोन." मग ती डाव्या रेषेबाहेर थांबली. तिथे एक घडीची खुर्ची मांडलेली होती, रिकामी. कापड निळं होतं, म्हणजे ती आमची नव्हे. "ग्रँडा, एक," ती म्हणाली.

पाहुण्यांच्या कप्तानाने विचारलं, "हा ग्रँडा कोण?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "इथे आधीपासूनच असं आहे. खुर्ची ठेवायची असते."

मी तिला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, की इथे बसलं तर चालेल का. ती म्हणाली, "ग्रँड, बसा की." मी बसले. ईरा शेजारी उभी राहून फोन बघत होती. सामना ठीकठाक चालला होता. मध्येच एक चेंडू तिसऱ्या बेसवरून रेषेच्या आत टप्पा पडून बाहेर निघाला आणि माझ्याकडे यायला लागला. नियम मला पाठ होता. हात लावायचा नाही असं मी स्वतःला सांगतच होते, तोवर माझा हात खाली गेलेला होता. मी उठले आणि कॅचरकडे फेकला. फेक आबांसारखी नव्हती. तीन टप्पे पडले आणि चेंडू जरा डावीकडे गेला.

"मम्!" ईरा ओरडली. "यू कान्ट जस्ट डू दॅट!"

पंच मुलीने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक बोट वर केलं.

"एक," ती म्हणाली, आणि सगळे निमूटपणे एक-एक बेस पुढे सरकले.